‘डाय’ कोणता, हे लिहून द्यायला काय हरकत आहे?

रिसोड, मानोरा, कारंजा इथून सीटी स्कॅनसाठी वाशिम किंवा अकोला गाठणाऱ्या रुग्णाला स्कॅनचा दर आधी कळतो. शिरेतून कोणते औषध जाणार, हे मात्र बऱ्याचदा कळतच नाही. रिपोर्टवर फक्त ‘डाय देऊन’ एवढेच असते. माझा आक्षेप यालाच आहे.

डाय म्हणजे रंग नव्हे. ते एक्स-रे अडवणारे, आयोडीन असलेले औषध असते. जुना प्रकार डायाट्रिझोइक आम्लाचा. हे आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सोडियम किंवा मेग्लुमिनशी जोडून त्याचे स्फटिकरूप क्षार बनवतात. क्षारात आयोडीन किती आणि त्यातले सुटे किती, हे प्रयोगशाळेत तपासतात. सुटे आयोडीन अत्यल्पच असावे लागते.

पण क्षार कितीही शुद्ध असला, तरी पाण्यात त्याचे दोन तुकडे होतात. त्यामुळे ७६ टक्के इंजेक्शन रक्ताच्या पाच ते सात पट तीव्र होते. आयोहेक्सॉलसारखे नॉन-आयोनिक औषध क्षार नसते, तुटत नाही. त्याची नेहमीची मात्रा रक्ताच्या साधारण सव्वादोन पट तीव्र असते.

फरक कागदावरचा नाही. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. जुन्या प्रकारात त्रास झालेले १२.६६ टक्के, नव्यात ३.१३. गंभीर त्रास ०.२२ विरुद्ध ०.०४ टक्के.

‘जुने स्वस्त पडते’, हे उत्तर मला मान्य नाही. ते पिण्यासाठी किंवा नळीतून देण्यासाठी आजही उपयोगी आहे. पण शिरेतून देताना बचत कोणाची आणि धोका कोणाचा, हे रुग्णाला सांगायलाच हवे.

आणखी एक. ‘मासे खाऊन त्रास होतो का?’ या प्रश्नावर विसंबू नका. माशांच्या ॲलर्जीला कारण त्यांतली प्रथिने असतात, आयोडीन नव्हे. पूर्वी डायचा त्रास झाला होता का, दमा आहे का, क्रिएटिनिन किती, हे महत्त्वाचे. ते तुम्हीच आधी सांगा.

स्कॅन टाळू नका. गरज असेल तर डायही नाकारू नका. फक्त औषधाचे नाव आणि मात्रा रिपोर्टवर लिहून मागा. पुढच्या वेळी त्रास झालाच, तर तुमच्या डॉक्टरला तीच ओळ उपयोगी पडेल.