थंड हवेचे ठिकाण निवडताना



हिवाळा लागला की वर्तमानपत्रांतून सहलींच्या जाहिराती येऊ लागतात. पांढराशुभ्र बर्फ, पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत जाणारी माणसे आणि खाली मोठ्या अक्षरांत परदेशाचे नाव. मुले ते चित्र आपल्यापुढे आणून धरतात. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी शिकून चांगल्या नोकरीला लागली, त्या घरात तर हा विचार आता खरोखरच होतो. त्यात गैर काही नाही. आपल्या आजोबांना गाव सोडायला मजुरीवाचून दुसरे कारण नव्हते. त्यांच्या नातवंडांनी आल्प्स पर्वताचे नाव घ्यावे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण ठिकाण निवडायचे कसे, याबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

बर्फावरून घसरण्याच्या त्या खेळाला स्कीइंग म्हणतात. फ्रान्समध्ये ‘थ्री व्हॅलीज’ नावाचा तीन दऱ्यांचा मोठा प्रदेश आहे. तेथील घसरण्याच्या वाटांची लांबी एकत्र मोजली तर सुमारे ६०० किलोमीटर भरते. म्हणजे अमरावतीहून निघून नाशिक ओलांडून जावे एवढी! आकडा ऐकून माणूस थक्क होतो. पण पहिल्यांदा गेलेला माणूस त्यातल्या किती वाटांवर पाय ठेवतो? तेथे वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सर्वांत सोपी, त्यानंतर निळी, मग लाल, आणि काळी सर्वांत कठीण. नवशिका माणूस बरेच दिवस हिरव्या वाटेवरच पडतो आणि उठतो. त्याने साऱ्या प्रदेशाचा पास काढला, तर बाकीच्या वाटांचे पैसे वाया गेले म्हणायचे.

म्हणून जाणती माणसे ठिकाण किती मोठे, हे आधी विचारत नाहीत. ती चार प्रश्न विचारतात. उंची किती आणि थंडी कशी? सोप्या वाटा किती? मुक्कामाची जागा किती लांब? आणि ज्याला खेळायचे नाही, त्याने दिवसभर काय करायचे? घरातला जो सर्वांत कच्चा, त्याच्या मापाने ठिकाण निवडायचे, असा याचा अर्थ. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग आणि उत्तराखंडातील औली येथे हा खेळ चालतो. गुलमर्ग साडेआठ हजार फुटांहून उंच आहे आणि तेथील पाळण्याची गाडी माणसाला जवळजवळ तेरा हजार फुटांपर्यंत नेते. दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या उंचीवर जाऊ नये. शिवाय वऱ्हाडातून रेल्वेने जायचे तर जाण्यायेण्यातच कितीतरी दिवसांची रजा संपते.

आता हेच चार प्रश्न घेऊन आपल्या चिखलदऱ्याकडे पाहू. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात दोन-तीन दिवसांची सुटी आणि बेताचे पैसे आहेत.

पहिला प्रश्न उंचीचा. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत चिखलदरा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून थोडे अधिक उंचीवर आहे. १८२३ साली हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन येथे आला आणि पुढे इंग्रजांनी हे हवेचे ठिकाण केले. येथे कॉफीही पिकते. बर्फ मात्र पडत नाही, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी चांगलीच बोचते. स्वेटर, कानटोपी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पायमोजे बरोबर हवेतच. एवढ्या उंचीचा श्वासाला सहसा त्रास होत नाही. तरी दम्याच्या माणसाने थंडीपासून जपावे आणि औषध जवळ ठेवावे.

दुसरा प्रश्न सोप्या वाटांचा. देवी पॉइंट, हरिकेन पॉइंट यांसारख्या जागांवर उभे राहून दरी पाहता येते. पंचबोल पॉइंटवर हाक मारली की डोंगर ती परत देतात. मुलांना येथून हलवणे कठीण जाते! कठड्याजवळ मात्र लहानांचा हात सोडू नये. भीमकुंडाचा धबधबा पाहायचा तर पावसाळ्यात यावे लागते. हिवाळ्यात पाणी उतरलेले असते. पण पावसाळ्यात रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात. हिवाळ्यात, नाताळ आणि ३१ डिसेंबर सोडून आठवड्याच्या मधल्या दिवशी गेले, तर निवांतपणा मिळतो. गाविलगडचा किल्ला ही चिखलदऱ्याची काळी वाट समजावी. बहामनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात तो बांधून काढला आणि डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तो मराठ्यांकडून घेतला. तेथील दरवाजे, तोफा आणि तलाव पाहण्यासारखे आहेत, पण चाल फार आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला पहिल्या दरवाजापर्यंत न्यावे, सावलीत बसवावे आणि कोणीतरी जवळ थांबावे. पुढचे तरुणांनी पाहून यावे.

तिसरा प्रश्न जाण्याचा आणि मुक्कामाचा. अमरावतीकरांनी परतवाड्यावरून जावे. अकोल्याच्या मंडळींना अकोट आणि अंजनगाव करत परतवाडा गाठता येते. तेथून पुढे घाट. सकाळची गाडी धरावी. घाट अंधारात चढू नये. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. त्यासाठी वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. मुक्कामाची खोली आधी ठरवावी आणि ठरवताना दोनच गोष्टी विचाराव्या : गरम पाणी सकाळी मिळते का, आणि जेवण तेथेच होते का?

कारण चौथा प्रश्न सर्वांत मोठा आहे, आणि तो घरातल्या बाईचा आहे. आपल्याकडे सहल म्हटली की स्टोव्ह, कणीक, तेल-तिखट आणि डाळीची पिशवी आधी बांधली जाते. पैसे वाचतात, हे खरे. पण नवरा दरी पाहतो, मुले हाका मारतात आणि माय खोलीच्या मागे बसून पोळ्या लाटते. मग तिने सुटी घेतली कुठे? तिने फक्त चूल बदलली! पहिल्या दिवशी घरून बांधून नेलेल्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी खावी. दुसऱ्या दिवशी सर्वांनी साध्या खाणावळीत बसून जेवावे. वाटेत मोथा गावाकडे हिवाळ्यात स्ट्रॉबेरी मिळते. एक पुडा घेतला तर मुलांचेही समाधान होते. एका जेवणाचे पैसे जड वाटत असतील, तर मुक्काम एक दिवसाने कमी करावा. पण दोन दिवस तिच्या हाताला काम नसावे.

आपल्या घरांत रजा आजवर कशासाठी निघाली? ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्यासाठी, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाण्यासाठी, लग्नासाठी, मयतीसाठी, दवाखान्यासाठी. नुसत्या विश्रांतीसाठी रजा घ्यायची, तर आपल्याला अजून चोरी केल्यासारखे वाटते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला. काम करणाऱ्या शरीराला विसावा लागतो, हे तेव्हा कायद्याने मानले. आपण ते अजून घरात मानलेले नाही. रोजंदारीवर जाणाऱ्यांना तर आजही बुडालेल्या दिवसाची मजुरी मिळत नाही. अशा घराने सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा बेत करावा. तीही सहलच आहे.

मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. सहलीसाठी पतपेढीचे कर्ज काढू नका. कर्ज काढावे ते मुलांच्या शिक्षणासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी. बर्फ पाहायचाच असेल, तर दरमहा डब्यात थोडे टाका आणि तीन-चार वर्षांनी जा. तोपर्यंत चिखलदरा आहे.

आणि तेथे जाल तेव्हा हा डोंगर कोणाचे तरी घर आहे, हे ध्यानात ठेवा. मेळघाटातले कोरकू आदिवासी कित्येक पिढ्यांपासून तेथे राहतात. त्यांच्या मुलांची उपासमार आणि बालमृत्यू यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यांच्या झोपडीसमोर उभे राहून न विचारता फोटो काढू नये. त्यांच्या हातची भाजी, मध, फळे घ्यावीत आणि फार घासाघीस करू नये. आपल्याकडे कोणी तमाशा पाहावा तसे पाहिले, तर कसे वाटते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

या रविवारी घरात सर्वांनी एकत्र बसावे आणि बेत ठरवावा. पहिले मत आजीचे घ्या, दुसरे आईचे. मुलांचे मत तर न विचारताच कळते!

जयभीम.