सफरचंद कोणी पाहिले?

गेल्या पावसाळ्यात एका व्याख्यानमालेत ‘धर्म आणि विज्ञान’ या जुन्याच विषयावर दोन वक्ते लागोपाठ बोलले. पहिले गृहस्थ विज्ञानाचे कैवारी. बायबलच्या प्रारंभीच्या कथेची त्यांनी यथेच्छ थट्टा केली. सहा दिवसांत विश्व, बरगडीची बाई, बोलणारा सर्प आणि एका सफरचंदापायी साऱ्या मानवजातीला शिक्षा! दुसरे गृहस्थ श्रद्धेचे कैवारी. सहा दिवस म्हणजे सहा भूगर्भयुगे आणि सफरचंद म्हणजे देहवासना, असे त्यांनी तितक्याच आवेशाने सांगितले. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. सभा संपल्यावर आम्ही दोघांनाही नम्रपणे एकच प्रश्न केला, “हे सफरचंद कोणत्या अध्यायात आहे?” आंब्याच्या झाडाला आंबा लागतो काय असे कोणी विचारावे, तशा नजरेने दोघांनीही आमच्याकडे पाहिले.

सफरचंद कोणत्याच अध्यायात नाही. मूळ हिब्रूत केवळ ‘फळ’ असा शब्द आहे. यहुदी पंडितांनी तालमुदात या फळाचा विचार केला, तेव्हा कोणी द्राक्ष म्हटले, कोणी अंजीर, कोणी तर गहू. सफरचंद त्या यादीतही नाही. ते पुढे युरोपात, लॅटिनच्या छायेत, या झाडाला लागले. लॅटिनमध्ये ‘मालुम’ या शब्दाचा अर्थ सफरचंदही होतो आणि वाईटही होतो. चित्रकारांनी ते रंगवले आणि जगाने ते पाहिले. अर्थात आमचे दोन्ही वक्ते ज्या ग्रंथाविषयी भांडले तो त्यांनी वाचलेला नव्हता. त्यांनी चित्रे पाहिली होती.

ही गोष्ट क्षुल्लक असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या तीन अध्यायांविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जे काही बोलले जाते, त्यातील बहुतेक सारे या सफरचंदाच्या जातीचे आहे. तीन अध्याय म्हणजे अवघी ऐंशी वचने. मोठ्याने वाचायला पाव तास लागत नाही. तरीही तो पाव तास कोणी खर्चत नाही. निंदकाला वाटते की, वाचण्याजोगे त्यात काही नाही. भक्ताला वाटते की, आपण ते लहानपणीच ऐकले आहे. आमचे म्हणणे इतकेच आहे की, ही दोन्ही मते आळसाची अपत्ये आहेत, आणि या आळसाची किंमत माणसांनी, विशेषतः स्त्रियांनी, पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे.

प्रथम विज्ञानाचा मुद्दा घेऊ. या कथेत प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. निंदक येथे हसतो. परंतु सूर्याविना दिवस कसा, हा प्रश्न ज्याला पडला नाही असा वाचक मुळात कधी होता काय? संत ऑगस्टीन याने सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी उत्पत्तीवर बारा भागांचे भाष्य लिहिले. त्यात हे दिवस आपल्या नित्याच्या दिवसांसारखे मानता येत नाहीत, हे त्याने मान्य केले. शिवाय सृष्टिज्ञानाच्या बाबतीत शास्त्राच्या नावाखाली अज्ञान मिरवणारे श्रद्धाळू धर्माचेच हसे करतात, असेही बजावले. आर्चबिशप अशर याने 1650 साली सृष्टीचा आरंभ ख्रिस्तपूर्व 4004 मध्ये बसवला. तो आकडा आज निंदकाच्या मुखी आहे. ऑगस्टीनचा इशारा मात्र कोणाच्याच मुखी नाही. आणि ‘सहा युगे’वाल्या कैवाऱ्यांना एवढेच विचारावे की, वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी असेल, तर तुमच्या त्या वनस्पती लक्षावधी वर्षे कोणत्या उन्हात वाढल्या? ज्या कथेला भूगर्भशास्त्र सांगायचेच नाही, तिच्या तोंडी ते कोंबण्यात श्रद्धेचा कोणता गौरव होतो?

मग या कथेला सांगायचे तरी काय आहे? त्यासाठी शब्द पाहावे लागतात. चौथ्या दिवसाच्या वर्णनात सूर्य आणि चंद्र ही नावेच नाहीत. ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ एवढेच आहे. हिब्रूत सूर्याला आणि चंद्राला शब्द नव्हते काय? होते. परंतु आसपासच्या लोकांत तीच देवतांची नावे होती. ज्या प्रदेशात सूर्यचंद्रांची देवळे उभी होती, तेथे हा लेखक त्यांना नावही न देता दिवे म्हणून टांगतो. ही भाबड्या मनाची कल्पना नव्हे. हा खंडनाचा बाणा आहे. 1872 साली जॉर्ज स्मिथ याने ब्रिटिश म्युझियममधील मृत्तिकापट्टांतून जलप्रलयाची बाबिलोनी कथा वाचून दाखवली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत बाबिलोनी सृष्टिकथाही प्रकाशात आली. त्या कथेत मार्दुक देव तिआमत या आदिजलाच्या देवतेला ठार करून तिच्या देहाचे आकाश करतो, आणि देवांचे कष्ट उपसण्यासाठी एका वधलेल्या देवाच्या रक्तातून माणूस घडवतो. उत्पत्तीतही आदिजल आहे. त्याचे ‘तेहोम’ हे नाव तिआमतच्याच कुळातले. पण येथे युद्ध नाही, रक्त नाही, आणि माणूस देवांचा वेठबिगार नाही. तो देवाचे ‘त्सेलेम’, म्हणजे प्रतिमा आहे. त्या काळी देवाची प्रतिमा ही पदवी राजाची असे. ती या कथेने एका वाक्यात सर्व मनुष्यमात्राला, आणि तेही नर व नारी असा स्पष्ट उच्चार करून, देऊन टाकली. ‘हे विज्ञानाला धरून आहे काय’ असे विचारणारा आणि ‘होय, आहे’ असे उत्तर देणारा, दोघेही या वाक्याजवळून न थांबता निघून जातात.

आता दुसरा अध्याय. येथे क्रमच वेगळा. पहिल्या अध्यायात वनस्पती, मग पशू, मग नर व नारी एकदम. दुसऱ्यात आधी माणूस, मग बाग, मग पशू, आणि शेवटी स्त्री. देवाचे नावही बदलते: पहिल्यात ‘एलोहीम’, दुसऱ्यात ‘याहवे एलोहीम’. झां अस्त्र्युक या फ्रेंच वैद्याने 1753 साली या नावांच्या धाग्यावरून मूळ लिखाणे वेगळी करून दाखवली, आणि तेथून आधुनिक चिकित्सेला वेग आला. परंतु ज्याने या दोन कथा शेजारी शेजारी ठेवल्या, त्याला त्यांतला फरक दिसत नव्हता, असे समजणे हा आपला अहंकार होय. त्याने एकीला कापून दुसरीत बसवले नाही. दोन्ही राहू दिल्या. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी तर पहिल्याच वचनाशी अडतो आणि म्हणतो की, हे वचन अर्थ लावा म्हणून हाक मारीत आहे. जेथे हजार वर्षांपूर्वीचा पंडित अडला, तेथे आपण दौडत जातो.

आणि येथेच आमच्या रागाचे खरे कारण आहे. स्त्री पुरुषाच्या बरगडीची, म्हणून दुय्यम. ती त्याची ‘साहाय्यक’, म्हणून दासी. तिने मोहात पाडले, म्हणून पापाचे मूळ. ही शिकवण किती घरांत, किती व्यासपीठांवरून दिली गेली, याची मोजदाद नाही. ग्रंथ काय म्हणतो? ‘साहाय्यक’ या अर्थी तेथे ‘एझेर’ हा शब्द आहे. हिब्रू शास्त्रात तो बहुतेक ठिकाणी खुद्द देवाविषयी, संकटात धावून येणाऱ्या बलवंताविषयी आला आहे. त्याला कोणी दास म्हणत नाही. त्याला जोडलेल्या ‘केनेग्दो’ या शब्दाचा भाव आहे समोरासमोर उभे राहणारे, तोडीचे. बरगडीसाठी ‘त्सेला’ हा शब्द आहे; तोच शब्द कराराच्या कोशाच्या आणि निवासमंडपाच्या बाजूंसाठी येतो. बरगडी म्हणा, बाजू म्हणा. पण दासीपणा त्या शब्दात कोठून आला? निषेधाची आज्ञा स्त्री निर्माण होण्यापूर्वी पुरुषाला दिलेली आहे. फळ खाल्ले त्या वेळी तो दूर शेतात नव्हता. वचन सांगते की, तो तिच्यासोबत होता. त्याने विरोधाचा एक शब्दही काढल्याचे लिहिलेले नाही. ‘शापित’ हा शब्द सर्पासाठी आणि भूमीसाठी येतो. स्त्रीसाठी येत नाही. ‘पाप’ हा शब्द या तिसऱ्या अध्यायात एकदाही नाही; तो प्रथम येतो चौथ्यात, भाऊ भावाला मारण्यापूर्वी. आणि पुरुष स्त्रीवर सत्ता चालवील, हे वाक्य सृष्टिरचनेत नाही. ते बिघाडानंतरच्या दुःखांच्या यादीत, काट्याकुसळांच्या शेजारी आहे. काटे उपटणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य आणि ती सत्ता जोपासणे हा मात्र धर्म, हा न्याय कोठला?

कोणी म्हणेल, ही सोयीची निवड झाली. आक्षेप रास्त आहे. म्हणून गैरसोयीचेही सांगतो. नव्या करारातील तीमथ्याच्या पहिल्या पत्रात पुरुष आधी घडवला गेला या क्रमावरूनच स्त्रीला गप्प बसवले आहे. तेव्हा हा अर्थ केवळ अलीकडच्या अडाण्यांनी काढला असे म्हणता येत नाही. तसेच पहिल्या अध्यायात पृथ्वी अंकित करण्याची जी आज्ञा आहे, तिचे ‘कावाश’ हे क्रियापद कठोरच आहे. पायाखाली घालणे हा त्याचा भाव कितीही मऊ केला तरी पुसत नाही. परंतु दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची सेवा आणि राखण करण्यासाठी, हेही तितकेच लिहिलेले आहे. आणि ज्यांना अंकित करायचे त्या प्राण्यांचे मांस पहिल्या अध्यायात माणसाला दिलेलेच नाही. त्याचे अन्न धान्य आणि फळे. मांसाची अनुज्ञा जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात येते. सखोल वाचन म्हणजे ग्रंथाला आपल्या मताची साक्ष द्यायला लावणे नव्हे. तो आपल्या विरुद्ध बोलला तरी ऐकून घेणे, हे सखोल वाचन.

“हे हिब्रूचे पांडित्य आम्हां मराठी वाचकांना कशाला?” हा शेवटचा आक्षेप. याला उत्तर आपल्या अंगणातच आहे. साष्टीतील राशोल येथे 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. जुनी पुराणे दुरावलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी या इंग्रज जेझुइटाने आदाम आणि हव्वा यांची कथा मराठी ओवीत आणली. तिकडे कोकणातील बेने इस्रायल समाजाने शनिवारचा विसावा शतकानुशतके पाळला. पहिल्या सृष्टिकथेचा शेवट ज्या सातव्या दिवसाने होतो, तोच हा विसावा. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून काढले, आणि पुढे त्याच समाजाने बायबलातील कथांवर मराठी कीर्तने केली. पंडिता रमाबाईंनी तर आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यात वेचली; त्यांचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 साली प्रसिद्ध झाले. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या एका विदुषीला उतारवयात मूळ शब्दांकडे जावेसे वाटले, आणि आम्हांला ऐंशी वचने जड होतात!

किंबहुना हे वाचन आपल्याला परके नाहीच. ज्ञानेश्वरीच्या एका ओवीवर तीन तीन संध्याकाळी निरूपण ऐकणारे आपण लोक. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा अभिमान आपण मिरवतो. पण त्या सूक्तातील शेवटच्या संशयाशी किती जण थांबले आहेत? जो स्वतःचे सूक्त वाचत नाही, तोच शेजाऱ्याच्या ग्रंथावर हसतो. उत्पत्तीच्या पहिल्या शब्दाचा आरंभ ‘बेथ’ या वर्णमालेतील दुसऱ्या अक्षराने का होतो, यावर यहुदी पंडितांनी खल केला. त्यांचे एक उत्तर असे की, ते अक्षर तीन बाजूंनी बंद आणि वाचनाच्या दिशेने उघडे आहे. वर काय, खाली काय, आधी काय होते यात न अडकता पुढे चाला. एका अक्षराशी इतका वेळ थांबण्याची रीत आपल्या प्रवचनकारांना नवी वाटण्याचे कारण नाही.

आमची सूचना साधी आहे. गोव्यातील वाचनालयांनी, चर्चच्या मंडळांनी, देवळांच्या सभामंडपांनी, बेळगावपासून बडोद्यापर्यंतच्या मराठी मंडळांनी दर आठवड्याला एक वचन घ्यावे. दोन-तीन मराठी भाषांतरे आणि एक कोंकणी समोर ठेवावे, हिब्रू जाणणारा मिळाला तर त्याला बोलवावे. ऐंशी आठवडे म्हणजे सुमारे दीड वर्ष. सव्विसाव्या आठवड्यापासून ते वचन येईल, ज्यात मनुष्यमात्राला देवाची प्रतिमा म्हटले आहे. त्या वेळी गोव्यातील ख्रिस्ती बांधवांनी आपल्या गावच्या कन्फ्रारियांत पिढ्यान्‌पिढ्या जात का पाहिली गेली, हे स्वतःला विचारावे. आणि ज्यांच्याकडून ती जात त्यांनी सोबत नेली, त्या आम्ही हिंदूंनी मान खाली घालून तो प्रश्न ऐकावा. त्या दिवशी सफरचंदाची आठवण कोणाला येणार नाही.