आयत्या नोंदी

सत्र संपत आले की आमच्या कन्हानमध्ये शिक्षकांच्या मोबाईलवर एक फाइल फिरू लागते. आयत्या वर्णनात्मक नोंदी! 'स्पष्ट उच्चारात वाचन करते', 'दिलेले काम आवडीने करते'. तीच ओळ चाळीस मुलांपुढे. मीही उतरवल्या आहेत, खोटे कशाला बोलू?

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प धरून आकारिक मूल्यमापनाची आठ साधने आम्हाला पाठ आहेत. पण दोन शिक्षकांनी शेजारी बसून एकच वही तपासावी, हे बी.एड.लाही कुणी शिकवले नाही.

उर्दू माध्यमातली मुलगी मराठीच्या वहीत 'शाला', 'पानी' लिहिते. मराठीचे सर लाल रेघ ओढतात आणि कच्ची ठरवतात. उर्दूत ळ नाही, ण नाही. हे मला माहीत, त्यांना नाही. उलट तिची वाक्ये किती सुधारली ते त्यांना दिसते, मला नाही. गणिताच्या बाई सांगतात, आकडेमोड चोख, शाब्दिक उदाहरणात अडते. नोंदवह्या तीन, मूल एक.

२०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तिथेही अडली तर त्याच वर्गात. अशा वेळी 'वेळ कुठे आहे?' हे उत्तर मला मान्य नाही. अशैक्षणिक कामे आहेतच, पण फाइल उतरवायला वेळ मिळतोच ना? आपले पालकही निकालपत्रकावर सही करून मोकळे होतात. यंदा त्यांनी विचारावे, "सर, ही ओळ माझ्याच मुलीची आहे ना?"