पिशवीखाली वाकलेले गुण

इंडियन ओपन गोल्फ स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन. १९६५ मध्ये बिलू सेठी हे हौशी खेळाडू जिंकले. पुढचा भारतीय विजेता मिळाला तो थेट १९९१ मध्ये : अली शेर, दिल्ली गोल्फ क्लबवर साहेबांच्या काठ्या वाहिलेला कॅडी! मधल्या पाव शतकात देशात गुण नव्हते काय? होते, पण पिशवीखाली वाकलेले. हा क्लब सरकारी भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभा आहे. लोटे येथे सार्वजनिक हिताच्या नावाने रासायनिक वसाहत उभी राहिली आणि सांडपाण्याचा भोग दाभोळ खाडीतील मच्छीमारांच्या वाट्याला आला. त्यांना हा हिशेब चटकन उमगेल. जमीन जनतेची असेल, तर कॅडीला बक्षिसी नको, सरावाचा हक्क हवा.