सन्मानाने चूल पेटत नाही

जपानच्या मिए प्रांतात, तोबा आणि शिमा येथील किनाऱ्यांवर, ‘आमा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया आजही केवळ रोखलेल्या श्वासावर समुद्राचा तळ गाठतात. पाठीवर प्राणवायूची नळकांडी नसते. मिनिटभराच्या अवधीत खडकाला घट्ट चिकटलेला ‘आवाबी’ हा किमती शिंपला सोडवून वर यायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. १९५६ साली जपानमध्ये १७ हजारांच्या आसपास आमा होत्या. २०१० मध्ये त्या सुमारे २ हजार उरल्या.

तरुण मुली शहरांकडे वळतात म्हणून हा व्यवसाय बुडाला, असे सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. ज्या समुद्रात मिळकतच उरली नाही, त्यात मुलींनी कशासाठी उतरावे?

आवाबी जगतो तो सागरतळावरील शेवाळांच्या वनांवर. ही वनेच आज उजाड होत आहेत; जपानी लोक या अरिष्टाला ‘इसोयाके’, म्हणजे किनाऱ्याचे जळणे, म्हणतात. कुरोशिओ या उष्ण प्रवाहाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये घेतलेले मोठे वळण २०२५ च्या एप्रिलपर्यंत टिकले. पाणी हिवाळ्यातही उबदार राहिले, की शेवाळ खाणारे मासे व सागरी साळू चरतच राहतात. प्रवाहाचे वळण हा निसर्गाचा खेळ आहे, हे मान्य. परंतु जपानभोवतीचा समुद्र शतकभरात सव्वा अंशाहून अधिक, म्हणजे जागतिक सरासरीच्या दुपटीने तापला आहे, त्याला निसर्ग जबाबदार नाही.

आणि ही किंमत कोण मोजत आहे? मिएमध्ये १०.६ सेंटिमीटरहून लहान आवाबी पुन्हा समुद्रात सोडावा लागतो. पाण्यात किती वेळ राहायचे, हे गाव ठरवते. रबरी पोशाख आला, तेव्हा काही गावांनी त्यावरही बंधने घातली, कारण जास्त वेळ बुडी म्हणजे समुद्राची जास्त लूट, हे त्यांना उमगले होते. ज्यांनी स्वतःच्या हावेला लगाम घातला, त्यांच्याच पोटावर कोळसा आणि तेल जाळून नफा कमावणाऱ्यांच्या हावेचा पाय पडला आहे!

शासनाने २०१७ च्या मार्चमध्ये या बुडीच्या कौशल्याला महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. गौरव अवश्य व्हावा. पण श्रमाचे साधन नष्ट होऊ द्यायचे आणि श्रमिकाला पर्यटकांपुढे शोभेची वस्तू म्हणून उभे करायचे, याला संस्कृतिरक्षण म्हणता येणार नाही. शेवाळांची वने पुन्हा उभी करण्याचे काम आमांनाच मजुरी देऊन सोपवावे, आणि त्याचा खर्च समुद्र तापवणाऱ्या उद्योगांकडून वसूल करावा. समुद्राचा तळ ज्यांनी रोज डोळ्यांनी पाहिला, त्यांच्याहून मोठा तज्ज्ञ कोण?