धोक्यावर तात्पर्याची झूल

कुमारांसाठीच्या साहसकादंबरीचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले : 'ही करमणूक, साहित्य नव्हे.' दुसरे : 'मुलांना यातून काय शिकायला मिळते?' वरवर परस्परविरोधी वाटणारी ही वाक्ये एकाच आळसातून जन्मलेली आहेत. ती उच्चारण्यासाठी कादंबरी वाचावी लागत नाही.

फार्ली मोवट या कॅनेडियन लेखकाची 'लॉस्ट इन द बॅरेन्स' (१९५६) पाहा. तिला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला होता. काकाकडे राहायला आलेला अनाथ जेमी आणि क्री जमातीच्या प्रमुखाचा मुलगा अवासिन हे दोघे चिपेवायन शिकाऱ्यांबरोबर उत्तरेच्या वृक्षहीन प्रदेशाकडे निघतात. वाटेत होडी फुटते आणि हिवाळा तिथेच काढण्याची वेळ येते. 'संकटात उपयोगी पडतो तोच खरा मित्र' असे तात्पर्य काढून शिक्षक मोकळे होतात. पण हे संकट आणले कोणी?

जेमीने. प्राचीन दगडी अवशेष पाहण्याचा हट्ट त्याचा, आणि अवासिन त्या हट्टाला मान देतो. म्हणजे या मैत्रीच्या मुळाशी एक चूक आहे आणि एक भिडस्त होकार आहे. पुढे कॅरिबूचे मांस सुकवताना, कातड्यांचे कपडे शिवताना, लाकडी खोपट उभारताना त्या चुकीचे ओझे दोघे मिळून वाहतात. मोवट धोक्याचा उपयोग मैत्रीची कसोटी म्हणून करत नाही. मैत्री त्या धोक्यातच घडत जाते. तात्पर्यवाद्याला मात्र चूक अडचणीची वाटते. सुविचारात तिला जागा नसते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. निसर्गज्ञानी आदिवासी मुलगा आणि त्याच्याकडून शिकणारा गोरा मुलगा हा साचा गोऱ्या लेखकाच्या सोयीचा आहे. 'एस्किमो' हा शब्दही आज खटकतो. आक्षेप मान्य. परंतु कादंबरी तिथे थांबत नाही. अवासिनच्या मनात इन्युइट लोकांविषयी पिढीजात भीती आहे. ती जेमीलाही लागते. अखेरीस त्यांना वाचवतो तो पीट्युक, इन्युइट आईचा मुलगा. अवासिन ज्ञानी आहे, तरी त्याचे एक ज्ञान खोटे ठरते. साच्यातल्या 'ज्ञानी आदिवासी' पात्राला चुकण्याची मुभा नसते. अवासिनला ती आहे.

हे दिसायला सिद्धान्त लागत नाही, वाचन लागते. तेरा वर्षांच्या वाचकाला ते आपसूक जमते, कारण तो होडीत बसलेला असतो. आपण काठावर उभे राहून त्याला सुविचार ऐकवतो. तेव्हा वर्गात 'यातून काय शिकलात?' हा प्रश्न निदान एकदा बाजूला ठेवावा आणि विचारावे : 'तू अवासिनच्या जागी असतास, तर त्या हट्टाला हो म्हणाला असतास का?' या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही. साहित्याचा तास तिथूनच सुरू होतो.