बिब्ब्याची खाज आणि सेटिरिझीनची गोळी

खाज म्हटली की सेटिरिझीन, हे समीकरण आज वैद्यांच्या चिकित्सालयापासून औषधांच्या दुकानापर्यंत रूढ झाले आहे. त्याचा एकदा फेरविचार व्हावा असे आम्हांस वाटते. ज्या बिबवेवाडीत आम्ही व्यवसाय करतो, तिच्या नावात ऐकू येणारा बिबवा, म्हणजेच आपला भल्लातक, हेच याचे उत्तम उदाहरण होय.

शीतपित्तात त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. ते एच-१ ग्राहींना बांधले जाऊन सूज व कंडू निर्माण करते. सेटिरिझीन त्या ग्राहींना निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते. म्हणून गांधी लवकर ओसरतात. हायड्रॉक्सिझीन या जुन्या औषधाचे शरीरात जे रूपांतर होते, तेच हे द्रव्य. मूळच्या अल्कोहोल गटाच्या जागी कार्बोक्सिलिक आम्लाचा गट आल्याने त्याचा मेंदूत प्रवेश कमी होतो व गुंगीही कमी येते.

परंतु टाचेच्या भेगांना बिब्बा लावून तो उतलेल्या रुग्णाची गोष्ट निराळी आहे. बिब्ब्याच्या तेलातील भिलावनॉल ही कॅटेकॉल वर्गातील द्रव्ये त्वचेच्या प्रथिनांना चिकटतात आणि टी-पेशी त्यांना परकी समजून दाह उत्पन्न करतात. म्हणूनच पुरळ व फोड बहुधा एक-दोन दिवसांनी उठतात. येथे हिस्टामिन मुख्य सूत्रधार नसते. गोळीने दाह थांबत नाही. रुग्ण मात्र निर्धास्त राहतो व उपचारांचे दिवस वाया जातात. निदानाआधी दिलेली गोळी चिकित्सेत असा बिब्बा घालते.

यास्तव दोन प्रश्न विचारावेत: त्वचेला काय लावले, आणि खाज किती वेळाने सुरू झाली? शीतपित्ताची प्रत्येक गांध साधारणतः २४ तासांत मावळते. बिब्ब्याचे फोड टिकतात व स्रवतात. चेहरा, डोळे वा मोठा भाग व्यापला असल्यास, किंवा लघवी कमी झाल्यास, रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

औषध विक्रेत्या बंधूंनी आणखी एक ध्यानी घ्यावे. सेटिरिझीन मुख्यत्वे वृक्कांवाटे, बरेचसे मूळ स्वरूपातच बाहेर पडते. वृक्कविकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. आपला भल्लातकही औषध कायद्याच्या अनुसूची ई-१ मध्ये आहे, हे विसरून कसे चालेल? दोन्ही द्रव्ये आपल्याच हातून जातात. दोहोंचे गुणकर्म जाणणे हे आपले कर्तव्य आहे.